ठोकलेलं नाणं

माझी भाची वडोद्याला शिल्पकला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली होती. मी चकल्या तळत होते, तर तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, हे काय आहे, ओळख बघू."

लाकडाचा एक जाडजूड ओंडका. त्याच्या अंगात नाणी ठोकलेली. पाच-दहा नव्हेत, दाटीवाटीनं, फणसाच्या काट्यांसारखी बाहेर आलेली. काही अर्धी आत गेलेली, काही वाकलेली.

"हे आमच्या बस्तीचं दार आहे," मी म्हटलं.

ती हसली. मला हसू आलं नाही. का आलं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. वाचून काही जणांना राग येईल. येऊ दे. ज्यांना राग येईल त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

आधी त्या ओंडक्याविषयी. तो एल. एन. तल्लूर या शिल्पकाराचा. जन्म 1971 चा, कुंदापूरजवळच्या कोटेश्वरचा. म्हणजे आपण मूडबिद्री-कारकळच्या यात्रेला जातो, त्याच किनारपट्टीवरचा माणूस. म्हैसूरला चित्रकला शिकले, वडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकले, पुढे इंग्लंडात लीड्सला गेले. 2011 साली मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचं 'क्विंटेसेन्शियल' नावाचं प्रदर्शन भरलं आणि त्यावर त्यांना स्कोडा पुरस्कारही मिळाला. लाकूड, ब्राँझ, काँक्रीट, कौलं, जुन्या मूर्तींची रूपं, असं सगळं ते वापरतात. त्यांच्या मुलखात हे नवीन नाही. तिकडच्या भूतस्थानांतून माणसाएवढ्या लाकडी मूर्ती आणि धातूचे मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या पुजले जातात. लाकूड आणि धातू हे तिथल्या देवांचं अंगच आहे.

ओंडक्याच्या कामाचं नाव 'क्रोमॅटोफोबिया'. पैशाची भीती, असा अर्थ त्यांनी त्या नावाला जोडला आहे. पाहायला आलेल्या माणसानं नुसतं पाहायचं नाही. आपल्या खिशातलं नाणं काढायचं, हातोडा घ्यायचा आणि ठोकायचं. बस्स. आपल्याकडे नवसापोटी झाडाला खिळा ठोकतात ना, तसंच.

भाची म्हणाली, "मावशी, लोक रांग लावून ठोकतात. मजा वाटते त्यांना."

वाटणारच. आमच्याकडेही रांग लागते. फक्त आमच्याकडे त्याला दान म्हणतात.

आता दाराची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्यातलं कुठलंही गाव धरा, फार चुकणार नाही. आमच्या बस्तीला जुनं सागवानी दार होतं. दोन फळ्या, मधोमध कमळ, चौकटीवर वेल. कुठल्या सुताराचं काम ते कुणालाच माहीत नाही. लहानपणी आम्ही मुली त्या कमळाच्या पाकळीत बोट घालून उभ्या राहायचो. इतक्या बोटांनी ती पाकळी गुळगुळीत झाली होती.

आणि आमचं महिला मंडळ होतं. अजून आहे. आम्ही मुष्टिधान्य गोळा करायचो. रोज भात शिजवायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे. महिनाअखेर डबे एकत्र करून तांदूळ विकायचे. नऊ वर्षं हे चाललं. ज्या घरात मुठीनं मोजूनच भात होतो, त्या घरच्या बायकांनीही मूठ चुकवली नाही. जमलेले पैसे मुलींच्या शिक्षणाला द्यायचे, असा ठराव वहीत लिहिलेला आहे. अक्षर माझंच आहे.

पंचकल्याणक ठरलं. कमिटीचे लोक घरी आले. "वैनी, खर्च मोठा आहे. मंडळाचे पैसे तूर्त वापरू, नंतर परत करू." आम्ही मान डोलावली. बायका मान डोलावण्यात तरबेज असतात. मीही डोलावली. हा गुन्हा माझ्याही नावावर मांडा.

त्या पैशांत आणखी भर घालून दाराला पितळी पत्रा मारला. ठशाचं काम, अष्टमंगल, चकचकीत. कमळावर पत्रा, वेलीवर पत्रा, आणि पत्रा बसवायला शेकडो चुका. ठक् ठक् ठक्. चार दिवस तो आवाज गल्लीत घुमत होता. शेजारी संगमरवरी फलक लागला. दात्यांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमानं. महिला मंडळाचं नाव सगळ्यांत खाली, त्यातही 'महिला' शब्द चुकीचा कोरलेला.

पुढच्या पावसाळ्यात चुकांच्या भोकांतून ओल शिरली. दार फुगलं. आता ते लावायला उपाध्यांना खांदा द्यावा लागतो.

आणि त्याच वर्षी वखारीत काम करणाऱ्या एका श्रावकाच्या मुलीला बेळगावात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मंडळानं तिला शब्द दिला होता. तिची आई माझ्याकडे आली. मी कमिटीकडे गेले. "पुढच्या वर्षी बघू, वैनी." पुढच्या वर्षी मुलगी कापडाच्या दुकानात लागली. आज ती रोज सकाळी दर्शनाला येते आणि ते फुगलेलं दार दोन्ही हातांनी ढकलते. ते दार तिच्या फीचं आहे. तिला हे माहीत आहे. मलाही माहीत आहे. आम्ही एकमेकींशी फक्त 'जय जिनेंद्र' बोलतो.

म्हणून तो ओंडका पाहून मला हसू आलं नाही.

नाणं लाकडात ठोकलं की काय होतं, याचा नीट विचार करा. नाणं बाजारातून बाद होतं. त्यानं पाव किलो मीठसुद्धा येत नाही. लाकूडही बाद होतं. त्याचा पाट होत नाही, चौकट होत नाही, चुलीतसुद्धा नीट जळत नाही. देवाला तर काहीच मिळत नाही, तो तिथं नसतोच. राहतो फक्त ठोकणाऱ्याचा आनंद: मी ठोकलं, माझं नाणं ते बघा, वरून तिसरं. तल्लूर यांनी भाषण केलेलं नाही, पोथी लिहिलेली नाही. हातोडा तुमच्या हातात दिला आणि बाजूला झाले. मानकषाय कसा दिसतो, हे मी इतकी वर्षं प्रवचनात ऐकत आले. लाकडात ठोकलेला तो पहिल्यांदा पाहिला.

आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगितलं आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. लहान पोरंही म्हणून दाखवतील. या चारांत पितळी पत्रा कुठं बसतो? फरशी कुठं बसते? प्रवेशद्वाराची कमान? पंख्याच्या पात्यावर घातलेलं नाव, जे फक्त वीज गेल्यावर वाचता येतं, ते कुठल्या दानात धरायचं? आणि एकदा देवापुढे ठेवलं ते निर्माल्य, त्याला पुन्हा हात लावायचा नाही, हे आपणच शिकवतो. मग निर्माल्यावर नाव कसलं? नाव घातलं म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. ते सुटलेलंच नाही.

हे मी मंडळाच्या बैठकीत बोलले. मोबाईलवरचा फोटोही दाखवला. उत्तरं आली ती तीन. तिन्हींचा समाचार घेते.

पहिलं उत्तर: "हे असले कलाकार देवाधर्माची टिंगल करतात." भाचीनं मला तल्लूर यांचं आणखी एक काम दाखवलं होतं, 'युनिकोड' नावाचं. नटराजाची ज्वाळांची प्रभावळ असते ना, ब्राँझची, तशीच्या तशी प्रभावळ. पण आत नटराज नाही. त्याच्या जागी काँक्रीटचा एक गोळा, आणि त्यात रुतलेली नाणी. हे ऐकून एक काका उसळले. "बघा! देव काढून टाकला!"

काका, देव त्यांनी काढला की तो आधीच गेला होता? मखर वाढत गेलं, रोषणाई वाढत गेली, कमान वाढत गेली, आणि आत काय उरलंय हे कुणी पाहिलं नाही. त्यांनी फक्त जे झालंय ते ब्राँझमध्ये ओतून समोर ठेवलं. आरशावर रागावून तोंडावरचा डाग जात नाही. आणि आपला देव तर वस्त्रसुद्धा टाकून उभा आहे. ज्यानं अंगावर सूत ठेवलं नाही, त्याच्या दाराला आपण पितळ मढवतो. टिंगल कुणी केली?

दुसरं उत्तर: "नाव नसेल तर पैसे कोण देईल? चावुंडरायानंसुद्धा नाव कोरलंच की!"

हे उत्तर वजनदार आहे, म्हणून नीट घेते. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' अशी ओळ आहे. मराठीतला पहिला शिलालेख म्हणून आम्ही ती शाळेत पाठ केली. पुढे तो मान अक्षीच्या शिलालेखाकडे गेला, पण आपल्या भाषेतल्या अगदी जुन्या वाक्यांपैकी ते एक, यात वाद नाही. म्हणजे मराठी बोलायला लागली तीच दात्याचा फलक घेऊन! आणि क्रियापद कुठलं? 'केलें' नव्हे, 'करवियलें'. दुसऱ्याकडून करवून घेतलं. सत्तावन्न फुटांचा तो एकसंध दगड ज्यांनी छिन्नीनं फोडला, त्यांच्या नावाची ओळ तिथं नाही. आमच्या दाराच्या सुताराचं तरी कुठं आहे? आणि रोज पहाटे उठून त्या बस्तीचं आवार झाडणारीचं? आपल्या घरात बायका 'करतात' आणि पुरुष 'करवतात', आणि फलकावर चढतं ते करवणाऱ्याचंच नाव. हजार वर्षं आपण त्याच क्रियापदात अडकून पडलोय.

पण त्याच डोंगरावर आपल्या पूर्वजांनी या दुखण्याचं औषधही ठेवलं आहे. गुळ्ळकायी अज्जीची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. चावुंडरायानं घडेच्या घडे दूध ओतलं, ते कमरेखाली उतरेना. मग एक म्हातारी आली. हातात फळाच्या कवटीएवढी वाटी, तीत ओंजळभर दूध. तेवढं ओतलं आणि मूर्ती मस्तकापासून पायापर्यंत न्हाली, डोंगर भिजला. राजाचा सेनापती खाली बघत राहिला. आज त्या अज्जीची दगडी मूर्ती बाहुबलींच्या समोर उभी आहे. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. हातातल्या वाटीवरून लोक तिला ओळखतात.

गोष्ट अज्जीची सांगायची, डोळे पुसायचे, आणि पहिला कलश कोट्यवधींना द्यायचा! 2018 च्या महामस्तकाभिषेकात हेच झालं. त्या पैशांतून चांगली कामंही होतात, मी नाकारत नाही. पण रांगेत आज ती अज्जी वाटी घेऊन आली तर तिचा नंबर कितवा लागेल, एवढं मला सांगा.

आणि नावाशिवाय पैसे येत नाहीत म्हणता? 1899 साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. आपल्या समाजाची पोरं शिकावीत म्हणून बोर्डिंगं निघाली. त्या बोर्डिंगांतल्या भाताच्या प्रत्येक मुठीवर कुणाचं नाव होतं? साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ती आपलीच बाई, कुंभोजची. तिनं सोनं लाकडात ठोकलं नाही, पोरांच्या ताटात वाढलं. त्यावर ती मुलं वाढली, शिकली, आणि अजून शिकतात. ज्ञानदान म्हणतात ते हे. ते फिरत राहतं. ठोकलेलं नाणं फिरत नाही.

तिसरं उत्तर एका हुशार सुनेनं दिलं. "मावशी, त्या शिल्पकाराच्या वस्तूपण लाखांनी विकल्या जात असतील. तो तरी कुठं अपरिग्रही आहे?"

बरोबर आहे. तो मुनी नाही. गॅलरी आहे, गिऱ्हाईक आहे, परदेशी प्रदर्शनं आहेत. मी त्याला पूजेला बसवत नाही. पण फरक बघ. तो आपल्या कामाला पैशाचं नाव देतो आणि पैसाच समोर ठेवतो. काही झाकत नाही. आपण पैसा समोर ठेवतो आणि त्याला धर्माचं नाव देतो. दोघांत खोटं कोण बोलतंय?

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या बाजूचं. कमिटीवर तोंड सोडणं सोपं आहे. पण सवाल चढायला लागला की मागून नवऱ्याला कोपर मारणारी कोण असते? "अहो, त्यांनी एकवीस म्हटलं, तुम्ही पंचवीस म्हणा." मी मारलंय कोपर. तुम्हीही मारलं असेल. आणि नाव पुकारलं जातं ते कसं? 'सौ. आणि श्री. अमुक'. त्या 'सौ.'च्या मागं आपलं स्वतःचं नाव कितीदा ऐकलंत? कोपर आपलं, तांदूळ आपले, नाव त्यांचं.

माझी आई गेली तेव्हा मी तिच्या नावानं बस्तीच्या आवारात सिमेंटचा बाक दिला. 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ', खाली माझं नाव, मोठ्या अक्षरात. आई जन्मात कधी बस्तीत बाकावर बसली नाही. ती खाली जमिनीवर बसून पूजेचे तांदूळ निवडायची. चाळीस वर्षं. बाक मी तिच्यासाठी दिला नव्हता. गावात दिसावं म्हणून दिला होता. ओंडक्याचा फोटो पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही, ती त्या दारामुळे नव्हे, या बाकामुळे.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं आणि अक्षरं घासून काढली. गवंडी म्हणाला, "अक्का, चांगली अक्षरं हाईत की. कशाला?" कमिटीनं विचारलं, "परवानगी घेतली का?" नाव घालायला कुणी परवानगी विचारली नव्हती, काढायला मात्र लागते! बाक आहे तिथंच आहे. लोक पूर्वीसारखेच बसतात. कुणाचं काही अडलं नाही.

तर माझ्या भगिनींनो, नुसता राग काढून मी थांबणार नाही. तीन गोष्टी मागते. मुष्टिधान्याचे पैसे मंडळाच्या स्वतःच्या खात्यात राहतील, सही दोन बायकांची, आणि 'तूर्त वापरू' हा शब्द आला की बैठक संपली. दुसरं, येत्या दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी आपल्या बस्तीत एकही नाव पुकारायचं नाही. वर्षातला सगळ्यांत चढा सवाल त्याच दिवशी होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्यावर प्रवचन ऐकतो, याची आपल्याला लाज वाटायला हवी. बंद पेटी ठेवा. ज्याला द्यायचं तो देईल. तिसरं, गावातल्या एकाही मुलीची फी अडलेली असेल तोवर पत्रा नाही, फरशी नाही, कमान नाही.

आणि हे जमणार नसेल, नावाची हौस फिटत नसेल, तर माझी एक सूचना आहे. बस्तीच्या फाटकाबाहेर एक चांगला जाड ओंडका आणून टाका. शेजारी हातोडा ठेवा. ज्याला आपलं दान दिसायला हवं आहे, त्यानं सगळ्यांसमोर, आपल्या हातानं, आपलं नाणं त्यात ठोकावं. उपाध्ये नको, ध्वनिक्षेपक नको, फलक नको. हवं तितकं ठोका.

दारं तेवढी सोडा. ती आमच्या मुलींना ढकलावी लागतात.